खिल्लारे बाई आणि पाठकोरे कागद

ग्रंथ माणसापेक्षा दीर्घायुषी असतो. हे वाक्य माझं आहे आणि माझ्या एकमेव ग्रंथाच्या प्रस्तावनेत, पहिल्याच पानावर आहे. त्या ग्रंथाची जगात एकच प्रत आहे. ती पोत्याच्या दोऱ्यानं शिवलेली आहे, तिला मैद्याची खळ लावलेली आहे आणि खळीत मेथ्यांची पूड असल्यामुळे तिला आजवर कसर लागलेली नाही. तेव्हा दीर्घायुष्याचं श्रेय द्यायचंच तर ते मेथ्यांना द्यावं लागेल. मेथ्या खिल्लारे बाईंच्या.

अठ्ठ्याहत्तर साली मी परभणीच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि स्टेशनाजवळच्या एका गल्लीत भाड्यानं राहत होतो. भिंतीला भिंत लागून खिल्लारे बाईंचं घर. त्या प्राथमिक शिक्षिका. शाळा पिंगळीच्या पुढं, एका वस्तीवर. रोज सकाळची पॅसेंजर धरायची, एक स्टेशन जायचं आणि तिथून शेताच्या कडेनं चालत शाळा गाठायची. अंगानं बारीक, आवाजानं दणकट. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेची होती. खांद्याला काळी पिशवी, ती मोडक्या छत्रीच्या कापडाची. त्याच छत्रीच्या काड्या अंगणातल्या वालाच्या वेलाला आधार देत उभ्या होत्या, आणि छत्रीची मूठ दाराची कडी म्हणून लागली होती. पावसात बाई डोक्यावर पोतं घेऊन जात.

आमची ओळख माझ्या कचऱ्यानं करून दिली. राहायला येऊन चार दिवस झाले होते. सकाळी दाराची कडी वाजली. उघडून बघतो तर बाई, आणि त्यांच्या हातात आमची बालदी, जी बायकोनं तासाभरापूर्वी कोपऱ्यावरच्या उकिरड्यावर रिकामी केली होती. ती पुन्हा भरली होती.

"सर, ही तुमचीच ना?"

"हो. पण त्यात कचरा होता."

"कोन म्हनलं कचरा? ही चहापत्ती, हा पेपर, हे ब्लेड. चहापत्ती कागदात गुंडाळली की दोन्हीबी मेले. पेपर भिजला, रद्दीवाला घेत न्हाई. चहापत्ती बांधून पडली, झाडाला लागत न्हाई. अन् ब्लेड उघडं टाकायलात, भंगार वेचणाऱ्याचं बोट तोडायचंय का?"

मी त्या वेळी विज्ञान आणि मानव या विषयावर परिसंवादाला निघालो होतो. मी म्हणालो, "पुढच्या वेळी बघतो."

"पुढच्या वेळी न्हाई. आताच बघा. मी थांबते."

गल्लीतल्या दोन घरांच्या दारांत माणसं उभी होती. मी ओट्यावर बसलो आणि माझा कचरा निवडला.

त्यांच्या अंगणात तीन ढीग असत. ढीग म्हणजे खरं तर डालड्याचे डबे, फुटकी घागर आणि एक मोठं पोतं. पहिल्या ढिगाला त्या 'येणारं' म्हणत. म्हणजे जे घरातच पुन्हा कामाला येतं ते. करवंट्यांचे ओगराळे होत, राखेनं भांडी घासली जात, जुन्या लुगड्यांच्या वाकळी, चहापत्ती आणि भाज्यांची देठं कढीपत्त्याच्या बुडाशी. दुसरा ढीग 'जाणारं'. कोरडा कागद, बाटल्या, पत्रा, टूथपेस्टच्या पिळलेल्या नळ्या. हे भंगारवाला नेई आणि त्याचं दुसरं काहीतरी होई. तेलकट कागद यात चालत नाही, कार्बन पेपर चालत नाही, मेण लावलेला तर भिजतही नाही, हे मला त्यांनी शिकवलं. मला तेव्हा एम. ए. होऊन आठ वर्षं झाली होती. तिसरा ढीग 'बसणारं'. फुटक्या चिनी मातीच्या कपबशा, जळलेली ट्यूबलाइट, संपलेले सेल. यांचं काही म्हणता काही होत नाही. ना चुलीत, ना मातीत, ना भंगारात.

"वरून लय चकाकतं बघा," त्या फुटक्या कपाकडे बोट दाखवून म्हणायच्या. "फुटलं की कोन्ही घेत न्हाई."

लवकरच माझ्या ध्यानात आलं, की बाई माणसांनाही याच तीन ढिगांत टाकतात. शाळेच्या गावचे सरपंच जाणाऱ्यात होते. शाळेवर येणारे एक अधिकारी, जे दर भेटीत शाळेला दप्तरं देण्याचं आश्वासन देऊन जेवून जात, ते बसणाऱ्यात होते. मी कुठं आहे हे विचारायचं धाडस मला झालं नाही. ते पुढं न विचारताच कळलं.

त्याच उन्हाळ्यात मी ग्रंथ छापायला दिला होता. विषय आमचं विद्यापीठ. शीर्षकात विद्यापीठाचं तेव्हाचं नाव आणि पुढं 'एक दीपस्तंभ'. मराठवाड्याला समुद्र नाही, हे मला छपाई झाल्यावर सुचलं. छपाई पालमच्या एका तरुणानं केली. त्यानं नवाच छापखाना टाकला होता आणि आजवर फक्त लग्नपत्रिका छापल्या होत्या. लग्नपत्रिका एका बाजूनंच छापतात. त्यानं माझा ग्रंथही तसाच छापला. तीनशे प्रती, प्रत्येक पानाची पाठ कोरी. वर प्रत्येक पानाच्या माथ्यावर, लग्नपत्रिकेत कुलदैवताचं नाव असतं तसं, मोठ्या टायपात ग्रंथाचं शीर्षक. मी रागावलो तर तो म्हणाला, "सर, वाचणाऱ्याला टिपणं काढायला जागा ठेवली." मला ते पटलं. वाचणारे टिपणं काढतील असा माझा समज होता.

न बांधलेली पानं बैलगाडीतून माझ्या घरी आली. आता फक्त शिवून वर पुठ्ठा लावायचा. आणि त्याच पावसाळ्यात विद्यापीठाचं नाव बदलण्याचा ठराव झाला.

पुढं काय झालं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. गावोगाव दलित वस्त्यांना आग लागली. खिल्लारे बाईंच्या माहेरची वस्ती जळाली. त्या चार दिवस तिकडं जाऊन आल्या. भावाचं घर राहिलं नव्हतं. येताना एक काळा पडलेला पत्रा तेवढा डोक्यावर घेऊन आल्या. अंगणात बसून लाकडी थापीनं तो पत्रा सरळ केला आणि कोरड्या कागदाच्या पोत्यावर झाकण म्हणून ठेवला. बायको जवळ जाऊन उभी राहिली. बाईच म्हणाल्या, "पत्र्याला काय व्हतंय वहिनी. येणाऱ्यात हाय त्यो."

मी आमच्या घरात दिवाणाखाली रचलेल्या पानांकडं बघत होतो. प्रत्येक पानाच्या माथ्यावर जुनं नाव. तसंच बांधलं तर एक बाजू म्हणणार, हा विरोधक. नवं नाव छापलं तर दुसरी बाजू घरी येणार. मी ठरवलं, नाव नक्की होईपर्यंत थांबायचं. दिवाळीपर्यंत निकाल लागेल असा माझा अंदाज होता. मी दोन्हीकडच्या सभांना गेलो आणि दोन्हीकडं चहा घेतला. कुणी मत विचारलं की म्हणायचो, अभ्यास चालू आहे.

एकदा बाईंनीही विचारलं. ओट्यावर बसून त्या शेंगा निवडत होत्या.

"सर, नावाबद्दल तुमचं काय म्हननं हाय?"

मी वीसेक मिनिटं बोललो. इतिहास, अस्मिता, प्रादेशिक भावना, सामाजिक न्याय, सगळं आलं. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे न्हाई म्हनायलात का?"

"तसं नाही."

"मग हो म्हनायलात."

"तसंही म्हणता येणार नाही."

बाईंनी सुपातली टरफलं बाजूला केली, माझ्याकडं एकदा नीट पाहिलं आणि सावकाश म्हणाल्या, "मग बसणारं हाय."

मी घरात आलो. बायकोनं विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हणालो, शेंगांबद्दल बोलत होतो.

आता वह्यांचं सांगायला हवं, कारण बाईंचं सगळं आयुष्य जूनमधल्या त्या वह्यांभोवती फिरत होतं. त्यांच्या शाळेत येणारी पोरं शेतमजुरांची. पाटी चालायची दुसरीपर्यंत. तिसरीला वही लागते. "वही नसली की पोरगी दोन दिवस मागं बसती," बाई सांगायच्या, "तिसऱ्या दिवशी येतच न्हाई. चौथ्या दिवशी निंदायला दिसती. एकदा शेतात गेली की गेली बघा, सर." म्हणून दरवर्षी त्या उन्हाळाभर पाठकोरे कागद जमवत आणि स्वतः वह्या शिवत. दाभण, पोत्याच्या तोंडाची शिवण उसवून काढलेला दोरा, मेथ्या घातलेली खळ, वर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा. वही लिहून भरली की ती परत बाईंकडं यायची, आणि तिचा लगदा करून, पालथ्या घागरीवर थापून टोपली व्हायची. टोपलीत पीठ. कागद त्यांच्या हातून सुटत नसे.

त्यांचा मोठा पुरवठा माझ्याकडून होता. आमच्या कॉलेजातल्या चाचणी परीक्षांच्या उत्तरपत्रिका निकालानंतर रद्दीत जात. त्यांतली कोरी पानं बाई सोडवून घेत. त्यामुळे नापास मुलांविषयी त्यांना मनापासून आदर होता. "हुशार पोरं लय खातात कागद," त्या म्हणत. "ह्यो बघा, ह्यानं नाव लिव्हलं, तारीख लिव्हली अन् सोळा पानं सोडून दिली. किती मोठ्या मनाचा पोरगा." मी त्या मुलाला दोन मार्क दिले होते. त्यानंतर तो समोर आला की मला ओशाळल्यासारखं व्हायचं.

ठरावाच्या पुढच्या वर्षी आंदोलनामुळे कॉलेज बंद पडलं आणि चाचण्या झाल्याच नाहीत. जून उजाडला. बाई तीन वेळा विचारून गेल्या, "परीक्षा कधी घ्यायलात?" परभणीत त्या वर्षी परीक्षेची इतकी काळजी दुसऱ्या कुणालाच नव्हती. चौथ्यांदा आल्या तेव्हा बसल्याच नाहीत.

"चार पोरी येईनात. पंचशीला तर आज दिसली, खुरपं घेऊन. तिला मी पहिलीपासून ओढत आणलंय." मग त्यांची नजर दिवाणाखाली गेली. त्या वाकल्या आणि एक पान उलटं करून बघितलं. "सर, ह्याची तर पूर्ण पाठ कोरी हाय."

मी ताठ झालो. "बाई, तो ग्रंथ आहे."

"असू द्या की. छापलेलं कुठं मागायलेय मी? कोरी बाजू द्या."

"कोरी बाजू छापलेल्या बाजूला चिकटलेली आहे."

"तेवढं चालवून घेऊ आमी."

मी ग्रंथ म्हणजे काय, यावर बोलायला सुरुवात केली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "परिशिष्ट द्या. ते कोण वाचतं?" त्यात तथ्य होतं. मी परिशिष्ट दिलं, तीनशेच्या तीनशे प्रती. बाईंनी जाताना कबूल केलं, "नाव झालं की सांगा. उरलेलं असंल ते परत तुमचं." पंधरा दिवसांनी सांगून गेल्या, की चारही पोरी आल्या, पंचशीला पुढच्या रांगेत बसते.

यानंतर चाचण्या ज्या वर्षी बुडत, त्या वर्षी ग्रंथाचा एक तुकडा जाई. आधी संदर्भसूची. मग सातवं प्रकरण, कारण ते मलाही घाईत लिहिल्यासारखं वाटत होतं. सहावं दिलं तेव्हा मी बायकोला म्हणालो, मूळ विवेचन पहिल्या पाचांत आलेलंच आहे. पाचवं दिलं तेव्हा म्हणालो, चारांत. प्रत्येक वेळी जे गेलं त्याशिवाय ग्रंथ अधिक घट्ट झाला असं मला खरंच वाटत असे. एक प्रकरण म्हणजे एक वही. त्या वर्षी वस्तीवरच्या प्रत्येक पोराच्या दप्तरात माझं एकेक प्रकरण असायचं. एवढे वाचक मला दुसरीकडं मिळाले नसते, असं मी एकदा बाईंना म्हणालो.

"वाचतात की," त्या म्हणाल्या. "परवा एक जण उठून विचारायलाय, बाई, प्रज्ञेचं क्षितिज म्हंजे काय?"

"मग? काय सांगितलंत?"

"म्हनलं, ती छापलेली बाजू हाय. तू कोऱ्या बाजूवर ध्यान दे."

मधल्या एका वर्षी शहरात 'टाकाऊतून टिकाऊ' असं शाळांचं प्रदर्शन भरलं आणि मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. पहिलं बक्षीस काडेपेट्यांच्या ताजमहालाला होतं. मी निर्मितीच्या पुनर्जन्मावर बोललो, पाऊण तास. टाळ्या झाल्यावर बाई प्रेक्षकांतून उठल्या आणि ताजमहालाच्या गुरुजींना विचारलं, "गुरुजी, काडेपेट्या नव्या दिसायलात. काड्यांचं काय केलं?"

गुरुजी म्हणाले, "काढून टाकल्या."

"म्हंजे टिकाऊतून टाकाऊ केलं की."

मंडप हसला. मीही हसलो, मग आठवलं की बक्षीस मी दिलं होतं. समारंभ संपल्यावर बाई मागं थांबल्या. हारांचे दोरे सोडवले, नारळाची शेंडी भांडी घासायला घेतली, आणि माझ्याकडं हात केला. "भाषण द्या." मला वाटलं, आवडलं म्हणून मागतात. त्यांनी पानं उलटून बघितली. अकरा होती, सगळी पाठकोरी. "लांब बोलता ते बरंय," त्या म्हणाल्या.

एकदाच मी त्यांना थोडं टोचून बोललो. ग्रंथाचं तिसरं प्रकरण जात होतं तेव्हाची गोष्ट. "बाई, तुम्हालाच नाव सगळ्यांत जास्त हवंय. आणि ज्या दिवशी नाव होईल त्या दिवशी माझे कागद बंद. नुकसान तुमचंच."

त्या पानांचा गठ्ठा पोत्यात घालत होत्या. मान वर केली नाही. "नाव होऊ द्या, सर. कागदाचं मी बघते." आणि पोत्याचं तोंड आवळताना म्हणाल्या, "कागद कुठूनबी येतोय. नाव कुठून आणावं?"



चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नाव झालं. म्हणजे जुनं नाव तसंच राहिलं आणि त्याच्या आधी नवं जोडलं गेलं. सोळा वर्षं थांबल्यावर मला कळलं, की माझी पानं चुकीची नव्हती, नुसती अपुरी होती. एक रबरी शिक्का करून घेतला असता तरी भागलं असतं. दिवाणाखाली तेव्हा फक्त प्रस्तावनेच्या तीनशे प्रती उरल्या होत्या.

दोन दिवसांनी, रविवारी, बाई आल्या. केस पांढरे झाले होते, निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. हातात पेढ्यांचा पुडा. आम्हाला पेढे दिले आणि पुठ्ठ्याचा डबा रिकामा करून परत घेतला. मग छत्रीच्या पिशवीतून एक जाड बाड काढून माझ्यापुढं ठेवलं.

"काय आहे?"

"तुमचं पुस्तक. दर टायमाला एक वही लगद्यात घातली न्हाई. लिहून झाल्यावर ठिवून दिली. एक प्रत तरी लेखकाला द्यावी लागती की."

पहिलं प्रकरण ते परिशिष्ट आणि सूची, क्रमानं. छापलेली बाजू माझी. पाठीवर पोरांच्या बेरजा, शुद्धलेखन, एके ठिकाणी बैल.

"प्रस्तावना तुमच्याकडं हाय. आणा, लावून टाकू."

मी एक प्रस्तावना आणली. बाईंनी दाभण काढलं, आणि मग थांबल्या. पहिल्या पानाच्या माथ्यावर बोट ठेवलं आणि पेन माझ्या हातात दिला.

"आता तरी लिव्हा, सर. अक्षर नीट काढा."

मी जुन्या नावाच्या आधी नवं नाव लिहिलं. पूर्ण. शासनानं आदेश काढल्यावर, कुणीही काही करू शकत नाही अशा सुरक्षित वेळी, स्वतःच्या घरात, दार लावून. पण लिहिलं. जागा कमी पडली म्हणून शेवटची अक्षरं दाटीनं बसवावी लागली. बाईंनी चष्म्याची तारेची काडी सारखी करून ते वाचलं, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं. मग पदरानं चष्मा पुसला आणि प्रस्तावना शिवून टाकली.

"येणाऱ्यात धरते तुमाला," दोरा दातानं तोडत त्या म्हणाल्या. "पण लय उशिरा आलात."

उरलेल्या प्रस्तावना मी स्वतः पोत्यात भरून दिल्या. त्यांनी पोतं डोक्यावर घेतलं आणि निघाल्या. गल्लीच्या टोकाला उकिरड्याशी त्या थांबल्या, पोतं सावरत वाकून काहीतरी उचललं, निरखून पाहिलं, पिशवीत टाकलं आणि वळल्या. पुढं निवृत्तीनंतर त्या लेकीकडं राहायला गेल्या. माझ्या आठवणीत त्या तिथंच, कोपऱ्यावर, वाकलेल्या आहेत.

संध्याकाळी मी माझा ग्रंथ वाचायला घेतला. प्रस्तावनेची चार पानं वाचून थांबलो आणि बाड उलटं धरलं. परिशिष्टाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं: कु. पंचशीला, इयत्ता तिसरी. खाली तेराचा पाढा होता. मी तो तपासला. बरोबर होता.